मोठ्या रस्त्यानं

सोलापुरात सात रस्त्याला माझ्या झेरॉक्सच्या दुकानाशेजारी गाड्यांची सीट कव्हरं शिवणारे एक सरदारजी आहेत. काबूलची लढाई मागं टाकून म्हाताऱ्या आईला घेऊन आलेले. मराठी आता पक्की सोलापुरी, पण बोलणं मोजकंच. रस्त्यानं कुणाचीही अंत्ययात्रा निघाली, की चालती मशीन थांबवून ते उठतात आणि चौकापर्यंत मागं चालत जातात. तिरडी असो, जनाजा असो. गिऱ्हाईक खोळंबतं. मला आधी हे जरा विचित्रच वाटायचं.

"ओळखीचे होते का?" एकदा मी विचारलं.

"न्हाई की. तिकडं आमी शीख मूठभर. आमचं माणूस न्यायला लागलं की दगड पडायचे. मग गुरुद्वाऱ्याच्या भिंतीआड गुपचूप अग्नी द्यायचो. बायकांना मोठ्यानं रडूबी द्यायचो न्हाई. हितं समदं उघड्यावर जातंय. बघून लई बरं वाटतं."

गेल्या महिन्यात त्यांची आई गेली. मागच्या गल्लीतून स्मशान पाच मिनिटांवर. तिरडी उचलून आम्ही जवळ पडतं म्हणून गल्लीकडं वळलो, तर पुढचा खांदा दिलेले सरदारजी जागीच थांबले.

"मोठ्या रस्त्यानं चला," ते म्हणाले. "आता आईला कशाला लपवायचं?"