दारचा ताड

लंडनमधल्या वेम्बलीत ईलिंग रोडवर, भाजीच्या दुकानाबाहेर, एक तमिळ चित्रकार दर शनिवारी जाफन्याची निसर्गचित्रं विकायला बसे. तिकडे, श्रीलंकेत, यादवी युद्ध पेटलं होतं. प्रत्येक चित्रात ताड असे. त्याच्या लोकांना ताड म्हणजेच मायभूमी. खोड तो झरझर रंगवी, शेंड्याला मात्र श्वास रोखून हात लावी.

मी तिथेच युद्धविरोधी पत्रकं वाटायचो. एकदा चिडून म्हणालो, "अंकल, तोफांनी तिथल्या ताडांचे शेंडे उडवलेत. तुम्ही खोटं रंगवता! लंडनला खरं दाखवा की."

"तंबी," तो हसला. तंबी म्हणजे धाकटा भाऊ. "गेल्या शनिवारी एकजण म्हणाला, ताडावर बंडखोरांचा झेंडा काढा. आज तू म्हणतोस, शेंडा काढून टाका. माझं झाड कुणी बघतच नाही."

"तुमचं?"

"आमच्या दारचं. आई अजून तिथेच आहे. फोन लागला की विचारते, आपला ताड रंगवतोस ना? त्याचा शेंडा गेलाय, हे ती मला सांगत नाही. मला शेजाऱ्याकडून कळलंय, हे मी तिला सांगत नाही."

पुढच्या पत्रकासाठी मी त्याच्याकडूनच चित्र घेतलं. ताड शेंड्यासकट छापला आणि खाली घोषणा लिहिली नाही.