नसलेला शिक्का

डॉ. शकुंतला बिसेन मॅडम आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाल्या तेव्हा धानाची रोवणी जोरात होती, म्हणून ओपीडी रिकामीच होती. मी नवखी आरोग्यसेविका. मॅडमनी मला पहिलाच प्रश्न केला, "ताई, इथली पोरं दवाखान्यात कशासाठी येतात?" मी म्हटले, "ताप, खरूज, पोटदुखी." त्या पोटदुखीत काय काय दडलेले असते हे तेव्हा मॅडमनाही पुरते ठाऊक नव्हते. मॅडमच्या षष्ट्यब्दीच्या या गौरवग्रंथात असे लिहिणे बरे दिसत नाही, पण "माझी चूक गाळणार असाल तर लिहूच नका," असे त्यांनीच बजावले आहे.

नववीतली एक मुलगी महिनाभरात चारदा पोटदुखीसाठी आली. मॅडम विचारत तिला आणि उत्तर देत वडील. भूक? "नाही लागत जी." झोप? "नाही येत." शाळा? "आळशी झाली, जातच नाही." मॅडमनी जंताची गोळी दिली, टॉनिक दिले. पुढच्या आठवड्यात तिने आत्महत्या केल्याची बातमी आली. मॅडम लगेच तिच्या घरी गेल्या, सोबत मी होते. आई रडत नव्हती. तिने एवढेच विचारले, "काऊन जी मॅडम, चार खेपा आनलो ना आमी तिले तुमच्यापाशी?" परतताना मॅडमनी कालव्याजवळ गाडी थांबवली आणि म्हणाल्या, "चारही वेळा मी फक्त तिच्या वडिलांचंच ऐकलं."

त्यानंतर शिक्का सुरू झाला. शाळा-कॉलेजच्या वयाचे कुणी तेच दुखणे घेऊन पुन्हा आले, की मॅडम सोबतच्या माणसाला म्हणत, "केसपेपरवर शिक्का राहिला, खिडकीवरून मारून आणा." असा शिक्का मुळात नव्हताच. खिडकीवरचे बाबू ठरल्याप्रमाणे शाई शोधत बसत आणि मी बोलघेवडी, म्हणून पालकांना गप्पांत गुंतवत असे. तेवढ्यात मॅडम मुलाशी एकट्याशी बोलून घेत. कशात मन लागते का, चिडचिड होते का, आणि शेवटी सरळ, मरून जावेसे वाटते का? अशा विचारण्याने पोरांच्या डोक्यात नसते खूळ शिरेल, असे मी एकदा म्हणाले. मॅडम तडकल्या, "न विचारल्यानं काय झालं ते पाहिलं ना आपण?"

एका मुलाला गोंदियाला मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यायला बाप तयार नव्हता. "पोराले पागल समजून राहिले का जी?" म्हणाला. मॅडम त्या दोघांसोबत स्वतः एसटीने गेल्या.

तीन वर्षांपूर्वी माझी पल्लवी अकरावीत होती. तिचे डोके दुखे, जेवण जाईना, काही विचारले की अंगावर धावून येई. मी मोबाइल काढून घेतला, वर चार शब्द सुनावले. गावभर मुलांच्या मनाबद्दल सांगत फिरणारी मी! डोकेदुखीची गोळी घ्यावी म्हणून तिला मॅडमकडे नेले. त्यांनी तिच्याकडे नीट पाहिले, मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ताई, केसपेपरवर शिक्का मारून आणा."

असा शिक्का नाही, हे मला ठाऊक होते. तरी कागद घेऊन मी खिडकीशी गेले. बाबूंनी कागद घेतला, माझ्याकडे न बघता ते शाई शोधू लागले.

पल्लवी आत काय बोलली ते मला आजही पुरते माहीत नाही. तिच्या जिवाला धोका आहे, एवढे मात्र मॅडमनी तिला कल्पना देऊन मला स्पष्ट सांगितले. फवारणीची औषधे घरातून हलवा, तिला एकटी सोडू नका, उपदेश बंद करा, जवळ बसा. गोंदियाचे उपचार सुरू झाले, आणि दर सोमवारी मॅडमशी बोलणेही. अजूनही काही दिवस ती पांघरुणाबाहेर येत नाही आणि मी तिच्याजवळ बसून राहते. पण ती उपचार सोडत नाही.

हे लिहू का, असे तिला विचारले. म्हणाली, "लिव ना व माय, लपवून काय होते?"

मॅडम आता निवृत्त होत आहेत. त्यांचे गुडघे शाबूत राहोत, त्यांना खूप मोठे, निरोगी आयुष्य लाभो. यात माझा स्वार्थही आहे. मॅडमच्या पंचाहत्तरीचा ग्रंथ निघेल, तेव्हा त्यातला लेख माझ्या पल्लवीने लिहावा.