विमलताईंचं प्रेअरीतलं गाव

सकाळी साडेसातला डॉक्टर देसाईंचा फोन आला, "सुनंदा, विमल गेली." रडू यायच्या आधी माझ्या मनात आलं ते हे, की यांनी पहिला फोन मलाच का केला? माझा स्वभावच असा. कुणी उगाच चांगलं वागलं, की मला त्यामागचं कारण हवं असतं. विमलताईंशी माझी सोळा वर्षांची ओळख, आणि त्यातली बहुतेक वर्षं मी त्यांच्याकडे याच नजरेनं पाहिलं. त्यांना जाऊन आता महिना झाला.

इथं इंग्लंडात, लीड्सला येण्याआधी त्यांनी कॅनडात, प्रेअरीवरच्या, म्हणजे तिथल्या सपाट गवताळ मैदानातल्या एका छोट्या शहरात अकरा वर्षं काढली होती. त्यांचे यजमान, डॉक्टर देसाई, तिथल्या हॉस्पिटलात होते. आमच्याकडच्या पहिल्याच हळदीकुंकवाला ताईंनी "आमच्या गावात..." अशी सुरुवात केली, आणि मग ती गाडी काही थांबेना. गाव रेल्वेच्या कडेनं वसलेलं, धान्याच्या उंच लाकडी कोठारांमुळे मैलोन्‌मैल लांबून दिसणारं. युक्रेनहून आलेल्या शेतकऱ्यांनी गवत उपटून तिथं जमीन कसली, आणि आधी शाळा बांधायची की चर्च यावरून ते दोन वर्षं भांडले. सुगी संपली की हॉलमध्ये अख्ख्या गावाचं जेवण, घरटी एक पदार्थ. ताई थालीपीठं न्यायच्या म्हणे, आणि ती सगळ्यांत आधी संपायची. मला यातलं निम्मं खोटं वाटायचं. एवढं सुख होतं तर सोडून आलात कशाला, असं मी त्यांच्या पाठीमागे बोलायचेही.

एका वर्षी इथल्या मराठी मंडळाच्या मीटिंगमध्ये त्यांनी एक कल्पना मांडली. त्यांच्या गावानं आपला इतिहास छापला होता, आणि त्यात प्रत्येक कुटुंबानं आपलं पान स्वतः लिहिलं होतं. कुठून आलो, का आलो, काय जमलं, काय जमलं नाही. लीड्समधल्या मराठी घरांचंही तसं पुस्तक करू या, असं त्यांचं म्हणणं. काय जमलं नाही, हे या बाईला कशाला हवंय? आमच्या ह्यांची सर्जनची परीक्षा तीनदा हुकली होती. जगाला आम्ही सांगायचो, की ह्यांना पहिल्यापासून जीपीच, म्हणजे साधा फॅमिली डॉक्टरच व्हायचं होतं. (हे आज ह्यांना विचारूनच लिहितेय.) ताई मात्र माझी पाठ सोडेनात. एकदा घरी आल्या, चहा घेतला आणि म्हणाल्या, "अगं, फार नको. जस्ट दोन पॅराग्राफ्स. नाही लिहिलं तर नंतर वाईट वाटतं."

"कुणाला?" मी विचारलं. त्या नुसत्या हसल्या. हिला परीक्षेचं कळलंय, अशी माझी खात्रीच झाली.

पुढच्या मीटिंगला मी उभी राहिले. "ताई, त्या बुकमधलं तुमचं पान आधी वाचून दाखवा ना. म्हणजे आम्हाला आयडिया येईल." ताईंचा चेहरा उतरला. "ते... नाहीये माझ्याकडे," एवढंच त्या म्हणाल्या. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि पुस्तकाचा विषय तिथेच बारगळला. मला आनंद झाला होता, हे लपवण्यात अर्थ नाही. ताई पुढेही कार्यक्रमांना येत राहिल्या, माझ्याशी पूर्वीसारख्याच बोलत राहिल्या, पण गावाचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. बघा, कशी पकडली, असं मी मनात म्हणायचे.

तेराव्यानंतर डॉक्टरांनी मला बोलावून त्या गावाच्या इतिहासाचं जाडजूड पुस्तक हातात ठेवलं. "तुलाच द्यायला सांगितलं होतं तिनं." मी उभ्या उभ्या मागची नावांची यादी काढली आणि देसाई शोधू लागले. नव्हतं. मला वाटलंच होतं, असं त्या घटकेलाही मनात आलं...

"नाही सापडणार," डॉक्टर म्हणाले. "या बुकच्या कमिटीच्या बाई तीनदा घरी आल्या होत्या. विमलनं पान दिलंच नाही. म्हणाली, आपल्या घरातलं यांना कशाला सांगायचं? काय करतील, गॉड नोज. मग बुक आलं. सगळं टाऊन त्यात, आणि आम्हीच नाही. खूप रडली गं. तुझ्याबद्दल नेहमी म्हणायची, सुनंदा अगदी माझ्यासारखी आहे."

मी पुस्तक मिटलं. कोट चढवला आणि घरी आले.

ते पुस्तक आता आमच्या बैठकीच्या खोलीत आहे. त्यात वाचनालयाच्या उद्घाटनाचा एक फोटो आहे. खाली डावीकडून उजवीकडे सगळ्यांची नावं, आणि अगदी टोकाला, साडीवर जाडा कोट घातलेल्या बाईसाठी एवढंच, 'डॉक्टरांच्या पत्नी'. माझं पान मी मागच्या आठवड्यात लिहिलं, परीक्षेसकट. मग ताईंचं लिहायला घेतलं. विमल देसाई, असं नाव घातलं. त्यापुढे माहेरचं नाव, जन्मगाव, आईवडील हे यायला हवं होतं. सोळा वर्षं मी या बाईवर पाळत ठेवून होते, आणि यातलं एकही मी त्यांना कधी विचारलं नव्हतं.