आठ पानांची शाई

पुण्यात कॉलेजसमोर माझं झेरॉक्सचं दुकान होतं. रिकाम्या कार्ट्रिजमध्ये सिरिंजने शाई भरून देण्यात माझा हात धरणारं त्या रस्त्यावर कोणी नव्हतं. आणि इथे परदेशात, लोअर हटमध्ये, मुलाच्या घरी, बोटभर पडद्याचा एक प्रिंटर मला सांगत होता, की ही कार्ट्रिज चालणार नाही. आदल्या दिवशीपर्यंत हीच कार्ट्रिज, हीच शाई, हाच हात त्याला चालत होता. मधल्या मध्ये कंपनीने वाय-फायवरून त्याचे कान भरले होते.

कोणी म्हणेल, एवढं काय छापायचं असतं या बाईला? तर आमच्या ह्यांना वाचायला. ह्यांच्या नजरेच्या मधोमध काळा डाग आलाय आणि डॉक्टर म्हणतात तो जाणार नाही. कडेकडेने जे दिसतं त्यात हरभऱ्याएवढं ठळक अक्षरच लागतं. टॅबलेटच्या उजेडाने डोळ्यांना धारा लागतात, आणि कान तर नावालाच उरलेत, म्हणजे ऐकायची पुस्तकंही बाद. इथे आल्यावर चार महिने हा माणूस खिडकीशी बसून फक्त ‘हं’ म्हणत होता. पाटबंधारे खात्यात पस्तीस वर्षं साहेबांशी भांडलेला माणूस! मला त्या ‘हं’ची भीती वाटायला लागली. मग एका सकाळी मी मराठी पेपरातला एक लेख मोठ्या अक्षरांत छापून त्यांच्या हातात ठेवला. आठ पानं झाली. आठवं पान खाली ठेवून हे म्हणाले, “लेखक गाढव आहे.” मला इतका आनंद झाला की मी शिरा केला.

तेव्हापासून रोज चहानंतर आठ पानं. ती थांबली की ‘हं’ परत येणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मुलगा आमचा चांगला आहे. प्रिंटर अडून बसल्यावर त्याने लगेच कंपनीची नवी, महागडी कार्ट्रिज आणली. एवढ्या जाड अक्षरांपुढे ती आठवडाभर टिकली. दुसरी आणली, तीही संपली. मग तो समजुतीच्या सुरात म्हणाला, “आई, बाबांना रोज दोनच पानं दे ना. मॅनेज होईल.” माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाबांच्या ताटातली पोळी कमी कर म्हणाला असता, तर एक वेळ ऐकून घेतलं असतं.

मी कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडची मुलगी ‘किया ओरा’ असा इथला नमस्कार करून फार गोड बोलली. प्रिंटरच्या प्रोटेक्शनसाठी बाहेरची शाई ब्लॉक केलीय, म्हणाली. मी विचारलं, प्रोटेक्शन कोणापासून, माझ्यापासून? मग मी माझ्या दुकानदारी इंग्रजीत विचारलं, प्रिंटर माझ्या घरात आहे, तर तो आमचा की तुमचा? “युवर्स, ऑफ कोर्स,” ती म्हणाली. “मग तो कुठली शाई पिणार ते मी ठरवीन,” असं सांगून मी फोन ठेवला. मुलाने कपाळाला हात लावला.

इथल्याच टौरंगा गावच्या एका माणसाकडून मी सतत शाई पुरवणारा संच मागवला. शाईच्या चार बाटल्या, त्यांतून निघालेल्या बारीक नळ्या, आणि नळ्यांच्या टोकाला प्रिंटरला पटेल अशी स्वतःची चिप असलेल्या कार्ट्रिज. बाटलीतली शाई कमी झाली की वरून ओतायची, बस्स. प्रिंटरचं वाय-फाय बंद करून मी तो वायरने लॅपटॉपला जोडला. आता कान भरायला कोणी येणार नव्हतं. पहिलं पान काळंभोर आलं.

घोळ मी त्यानंतर घातला. प्रिंटर होता बुटक्या टेबलावर आणि शेजारी बाटल्यांना जागा नव्हती. म्हणजे त्या जमिनीवर ठेवायच्या? शाईला पाय लागणार! कागदाला पाय लागला तरी नमस्कार करणारे लोक आम्ही. दर दसऱ्याला मी दुकानातल्या शाईच्या बाटल्यांना हळदकुंकू वाहिलेलं आहे. मी बाटल्या सन्मानाने पुस्तकांच्या वरच्या फळीवर ठेवल्या. बाटल्या प्रिंटरच्या पातळीतच हव्यात, असं सोबतच्या कागदावर चित्र काढून सांगितलं होतं. मी चित्र पाहिलं आणि माझंच खरं केलं. सकाळी बघते तर बाटल्या रिकाम्या, प्रिंटर भरून वाहिलेला, आणि खाली भाड्याच्या घराचं पांढरट कार्पेट काळंनिळं.

“आई, वेन्सडेला घराचं इन्स्पेक्शन आहे! कार्पेट बघ!” मुलगा ओरडला. ऑफिसची बॅग खांद्यावर, ट्रेनची वेळ झालेली. “आज संध्याकाळी हा प्रिंटर मी टाकून देणार. इनफ!”

“इन्स्पेक्शनवाल्या बाईला डाग मी स्वतः दाखवीन,” मी म्हटलं. “प्रिंटरला हात लावायचा नाही.”

तेवढ्यात हे भिंत चाचपत आले. काय झालंय आणि मुलगा काय म्हणतोय ते मी त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं. ते म्हणाले, “राहू दे गं. दोन पानं पुरतील मला. नाही मिळाली तरी चालेल.”

चालेल म्हणे! मुलाचा राग नाही आला इतका मला ह्यांचा आला. मी ह्यांचं मनगट धरलं, बोटं फळीवरच्या रिकाम्या बाटलीवर टेकवली आणि ओरडले, “अहो, पस्तीस वर्षं कालवे काढलेत ना? मग सांगा, रात्रीत सगळी शाई उतरली कशी? सांगितल्याशिवाय आज खिडकीशी बसायचं नाही!”

ह्यांनी बाटली चाचपली. मग नळी बोटांत धरून हळूहळू फळीवरून खाली प्रिंटरपर्यंत गेले. पुन्हा वर आले. आणि एकदम खात्यातला आवाज लागला, “हे कोणी बांधलं? एवढा उतार दिलास तर वाहणार नाही तर काय! दोन्हीकडे पातळी एक पाहिजे. अरे, बघत काय उभा राहिलास? ते जेवणाचं टेबल रिकामं कर!”

मुलगा बॅग खांद्यावर तशीच ठेवून टेबलाकडे वळला. नंतर बॅग खाली आली, बाह्या वर गेल्या. मी प्रिंटर पुसून काढला, घरातल्या जुन्या शाईने बाटल्या भरल्या. प्रिंटर आणि बाटल्या जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी बसल्या. हे तळव्याने पातळी तपासत होते आणि मुलाला रागावत होते. ट्रेन केव्हाच गेली होती, आणि कुठे जेवायचं हे कोणीच विचारलं नाही.

सुरुवातीच्या कागदांवर नुसते पांढरे पट्टे आले. मी पुन्हा पुन्हा प्रिंटरला साफसफाई करायला लावली. शेवटी लेखाची पहिली दोन पानं स्वच्छ, काळीभोर उमटली. ह्यांनी ती मान तिरपी करून, डोळ्यांच्या कडेने, उभ्या उभ्याच वाचली. मग हात पुढे केला.

“बाकीची सहा कुठायत?”

मी तोंड उघडायच्या आत मुलगा त्यांच्या कानाशी वाकला. कोपरापर्यंत निळा झाला होता.

“येतायत, बाबा,” तो मोठ्याने म्हणाला. “सगळी येतायत.”