वहिनीने उसवलेलं ब्रेसलेट

नव्वदच्या दशकात माझी वहिनी मॅक्रमेचे, म्हणजे दोरीला गाठी मारून केलेले झुले विणायची. पुढे ती फॅशन गेली, पण तिच्या बोटांना चैन पडेना. दोन हजार सालानंतर आम्ही नाशिकचे काही जण रविवारी डोंगरावर जाऊ लागलो, तेव्हा दादाने कुणाचं तरी पॅराशूटच्या दोरीचं ब्रेसलेट तिला दाखवायला आणलं. तिने ते उसवून पाहिलं, पुन्हा जसंच्या तसं विणलं आणि हळूहळू आम्हा सगळ्यांना एकेक करून दिलं.

एकदा अंजनेरीहून उतरताना दादाचा पाय मुरगळला. घोटा बघता बघता सुजला आणि त्याला पाय टेकवेना. आम्ही गोंधळून उभे होतो. वहिनी मात्र खाली बसून स्वतःचं ब्रेसलेट उसवायला लागली.

"अगं, एवढ्या मेहनतीनं केलंयस," दादा म्हणाला.

"मग कशासाठी केलं होतं? तुम्ही हलू नका."

तिने ओढणी घोट्याभोवती गुंडाळली, दोन्ही बाजूंना काठ्या लावल्या आणि ब्रेसलेटमधून सुटलेल्या दोन-तीन मीटर दोरीने पाय नीट बांधला. मग त्याच्या पायाच्या बोटांना हात लावून विचारलं, "मुंग्या येतायत का?" तो नाही म्हणाला, तेव्हाच तिने आम्हाला त्याला उचलू दिलं.

हाडाला चीर गेली होती, पण ते सरकलं नव्हतं. डॉक्टरांनी बांधणीचं कौतुक केलं. प्लास्टर निघेपर्यंत दादा घरीच होता. त्या दिवसांत वहिनीने त्यालाही गाठी शिकवल्या. त्याची ब्रेसलेटं जरा वाकडी व्हायची, तरी तो ती हौसेने वाटायचा.