डब्यातले आजोबा

देवदर्शनाला गेलेला माणूस प्रसाद घेऊन परततो. आमचं मंडळ परदेशातल्या युद्धस्मारकांना जातं आणि किस्से घेऊन परततं! सांगायला बसलं की चहा गार होतो आणि घरचे एकेक करून उठून जातात. म्हणून म्हटलं, तुम्हाला सांगावेत.

आमचं मंडळ चौघांचं. सुभेदार मोहुर्ले म्हणजे शिस्तीचा पुतळा. हवालदार गुरनुलेभाऊंनी जन्मभर फौजेचे ट्रक चालवले. मी लष्करी इस्पितळातून निवृत्त झालेली नर्स, सगळ्यांची 'सिस्टर'. आम्ही तिघंही मूल गावचे. चौथे मडावीभाऊ एटापल्लीकडचे माडिया आदिवासी, निवृत्त वनरक्षक. ते कधी फौजेत नव्हते. त्यांच्या आईचे वडील मात्र दुसऱ्या महायुद्धात गेले आणि बेपत्ता झाले. इटलीत, इजिप्तमध्ये की ब्रह्मदेशात, हे घरात कोणालाच ठाऊक नाही. मडावीभाऊंची आई, रैनूबाई, तेव्हा मांडीवर होती.

माडिया लोकांत माणूस गेला की त्याच्या नावाचा दगड उभा करतात. पण आधी जीव घरी आणावा लागतो. पाण्याकाठी जाऊन नावाने हाक मारायची. जो पहिला किडा नाहीतर मासा हाताशी येईल, तो घरी न्यायचा. रैनूबाईंच्या बापाला हाक मारायला कधी कोणी गेलंच नव्हतं. म्हातारीचं जेवण सुटत चाललं होतं, पण ती ठणकावून सांगायची, "बाप घरी आल्याबिगर मी मरत नाई!"

म्हणून मडावीभाऊ झाकणाला भोकं पाडलेला स्टीलचा डबा घेऊन आमच्यासोबत निघाले.

* * *

पहिली वारी इटलीची. डोंगराच्या कुशीत हिंदुस्थानी सैनिकांची ओळीने थडगी. सुभेदारांची पद्धत अशी, की प्रत्येक नाव खड्या आवाजात वाचायचं आणि सलाम ठोकायचा. आम्ही तिघं मागे बसून बुंदीचा लाडू खात होतो.

चौथं की पाचवं नाव वाचलं आणि मागून उत्तर आलं, "हाजिर."

सुभेदार गर्रकन वळले. "कोण मस्करी करून राह्यलं?"

कोण करणार? तिघांचीही तोंडं लाडवाने भरलेली! आमच्या मागे दगडी भिंत, आणि भिंतीपलीकडे दरी. सुभेदारांनी क्षणभर भिंतीकडे पाहिलं, छाती पुढे काढली आणि दरडावले, "जवान असून इतका बारीक आवाज?"

मग तेच नाव त्यांनी पुन्हा वाचलं. मग सलाम ठोकून पुढचं नाव घेतलं.

त्या दिवशी मडावीभाऊंनी ओढ्याकाठी पुष्कळ हाका मारल्या. डबा रिकामाच राहिला. संध्याकाळी एटापल्लीहून फोन आला. रैनूबाईंचा एकच प्रश्न, "आला का?"

* * *

दुसऱ्या वर्षी इजिप्त. वाळवंटातलं स्मारक पाहून बारा माणसांच्या गाडीतून आम्ही परत निघालो. आम्ही चौघं, एक वाटाड्या आणि तिथला ड्रायव्हर.

गुरनुलेभाऊ कपाळाला आठ्या घालून बसले होते. मी विचारलं, "भाऊ, काऊन गप्प?"

"सिस्टर, गाडी दबली हाये. ओव्हरलोड चालून राह्यली."

मी हसले. मागच्या सीट तर मोकळ्या होत्या. तेवढ्यात चढ लागला आणि गाडी खरंच कण्हायला लागली! ड्रायव्हर मुकाट्याने थांबला, उतरला, मागचं दार उघडलं. कोणाशी तरी चार शब्द अदबीने बोलला, दार लावलं आणि परत येऊन बसला. पुढे गाडी अशी हलकी पळाली, की बोलायची सोय नाही.

वाटाड्याला विचारलं, काय म्हणाला रे तो? वाटाड्या म्हणाला, "तो रोजच सांगतो त्यांना. बाबांनो, इथपर्यंतच. पुढे मला नेता येत नाही."

गुरनुलेभाऊ मान हलवत म्हणाले, "लिफ्ट मागनारे सगळीकडं हायेतच!" पण हॉटेल येईपर्यंत त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. मीही नाही.

त्या रात्रीही फोन आला. "आला का?" मडावीभाऊंनी फोन माझ्या हातात दिला. त्यांना 'नाही' म्हणवेना.

* * *

मग ब्रह्मदेश. तिथे यादवी भडकायच्या आधीची गोष्ट. रणांगण म्हणजे सागवानाचं जंगल. मडावीभाऊ पाचोळ्यावर उभे राहिले आणि त्यांचे डोळे भरून आले. "हे तं आपलंच जंगल हाये, सिस्टर."

तिथल्या वाटाड्याने आधीच बजावलं होतं, आत कोणी नावाने हाक मारली तर ओ द्यायची नाही. सुभेदारांनी त्याला अंधश्रद्धेवर एक भाषणही दिलं!

मी सगळ्यांच्या मागे होते. डावीकडच्या झाडीतून हाक आली, "शांते, पानी."

माझं नाव शांता. मंडळात मला या नावाने कोणीच हाक मारत नाही. मला 'शांते' म्हणणारी माझी आई जाऊन किती वर्षं झाली! आणि आवाज पुरुषाचा होता. इस्पितळात शेवटच्या घटकेला पाणी मागणारा आवाज मी ओळखते.

पाण्याची बाटली मी एका बुंध्याशी ठेवली आणि झपझप पुढे गेले. परतताना बाटली तिथेच होती. झाकण घट्ट लावलेलं, आत थेंब नाही.

वाटाड्या माझ्यावर चिडला. "सांगितलं होतं ना, ओ देऊ नका!"

"मी ओ दिलीच नाही," म्हटलं. "पाणी दिलं!"

* * *

त्याच जंगलातल्या नाल्यावर मडावीभाऊंनी हाक मारली आणि एक काळा किडा, मसुराच्या दाण्याएवढा, थेट त्यांच्या बोटावर येऊन बसला. एकच. आम्ही चौघांनी पाहिला. डब्यात ओलं पान घातलं, किडा घातला आणि मी झाकणाला चिकटपट्टी लावली.

कोलकात्याच्या विमानतळावर कस्टमच्या साहेबाने डबा अडवला. "यात काय आहे?"

मडावीभाऊ खोटं बोलत नाहीत. "आजोबा."

साहेबाचा चेहरा एकदम मऊ झाला. "अस्थी का?"

"नाई साहेब. जिते हायेत!"

साहेबाने डबा उघडला, किडा पाहिला. मग सुभेदारांच्या छातीवरची पदकं पाहिली. झाकण लावून त्याने डबा दोन्ही हातांनी परत दिला. मी नवी पट्टी लावली. तिथपासून एटापल्लीपर्यंत डबा माझ्या मांडीवरून हलला नाही.

* * *

अंगणात सगळा गाव जमलेला. उभा करायचा दगड धुऊन आणून ठेवलेला. रैनूबाईंना धरून बाहेर आणून बसवलं. इतकी वर्षं वाट पाहिलेली बाई, पण डोळ्यांत पाणी नाही, घाई नाही. त्यांनी आपल्या हाताने पट्टी सोडवली.

डब्यात दोन किडे होते.

सुभेदार माझ्याकडे बघायला लागले. मी शपथेवर सांगते, पट्टी जशीच्या तशी होती आणि झाकणाच्या भोकातून मुंगीसुद्धा शिरली नसती!

एक किडा म्हातारीच्या तळव्यावर चढला. दुसरा काठावरच थांबला. पहिला परत त्याच्याकडे गेला, पुन्हा तळव्यावर आला, पुन्हा गेला. रैनूबाईंनी डबा कानाशी धरला आणि माडिया बोलीत हळूहळू काही बोलल्या. मडावीभाऊ ते आम्हाला मराठीत सांगायला लागले.

"आई म्हन्ते, हा माहा बाप. दुसऱ्याची बोली मले समजत नाई. पन बाप त्याले सोडून घरात येत नाई. त्याले बोलवाले कोनी आलंच नाई म्हन्ते."

सुभेदारांनी घसा खाकरला. "विचारा त्यांना. दुसरा आपल्यातला, की दुश्मनाच्या फौजेतला?"

मडावीभाऊंनी विचारलं. म्हातारी संतापली. तिने सुभेदारांकडे असं पाहिलं, की मी माझी मान खाली घातली.

"दारात आलेल्याले असं विचारतेत का?" मडावीभाऊंनी सांगितलं. "दुसरा दगड आना म्हन्ते."

सुभेदारांनी बूट काढले आणि दगड शोधायला ते स्वतः नदीकडे गेले.