चार ठोके आणि एक पोकळ

सानिका, माझी नात, तुम्हा लोकांचे भुताखेतांचे अनुभव मोबाईलवर वाचते आणि मला जेवताना ऐकवते. मी हसते. सगळ्या भुतांना पांढरीच साडी कशी मिळते, म्हणलं. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, आजही नाही. देवीची ओटी भरते, चतुर्थी धरते, तेवढंच. पण एक गोष्ट माझ्या बाबतीत घडली आहे, ती खोटी म्हणता येत नाही. सानिका म्हणाली, आजी तू सांग, मी टाइप करते. मी चौथी शिकलेली. काही चुकलं तर तिचं.

आम्ही तांबट. पुण्यात, कसब्यात आमच्या आळीत खाली दुकान, वर दोन खोल्या. तांब्याचं भांडं घडवून झालं की ते लोखंडी खुंट्यावर चढवतात आणि फिरवत फिरवत हातोडीनं एकसारखे ठोके देतात. त्याला मठारकाम म्हणतात. दिवसभर आळी वाजत असते. बाहेरच्या माणसाला तो गोंगाट. पण आमच्यात लग्न होऊन आलेली मुलगी महिन्याभरात आपल्या नवऱ्याचा ठोका ओळखायला लागते. आणि तो ठोका थांबला की चहाचं आधण ठेवायचं... हाक मारायची वेळ येऊ द्यायची नाही. सासूबाईंनी मला शिकवलेली पहिली गोष्ट ही.

आमच्या ह्यांचा ठोका आळीत वेगळा होता. चार ठोके भांड्यावर, आणि भांडं फिरवताना एक हलका, नुसत्या खुंट्यावर. टण् — पोकळ. सवय होती हाताची. आमच्या मुलाला, सुनीलला, ती लागली नाही. त्याचा ठोका सरळ.

ह्यांचं, म्हणजे पोरांच्या नानांचं, एक होतं. काही महिने असे कामाला भिडायचे की झोप नाही, जेवण नाही, बोलणं थांबायचं नाही. मग काही महिने भिंतीकडे तोंड करून पडून. लोक आळशी म्हणायचे. मी पण म्हणलं. शेवटच्या वर्षी पडले ते उठलेच नाहीत. एका दुपारी चहा मागितला तर मी म्हणाले, "काम नाही तर चहा कसला?" परत मागितला नाही त्यांनी. पुढे कावीळ झाली आणि गेले. तेरा वर्षं झाली.

ते गेल्यावर दोन वर्षांनी सुनीलचा हात एकदम चालायला लागला. चार दिवस झोपला नाही. कुणी सांगितलेल्या नसताना चौदा घागरी केल्या, आणि काम असं की आळीतली म्हातारी माणसं बघायला आली. म्हणाली, पोराच्या हातावर कालिकामाता बसली. मला पण तसंच वाटलं. मी पुरणाचा नैवेद्य केला, सगळ्या आळीला वाटला. आजारी पोराची आजारी घागर मी देवीपुढे ठेवली... आमच्यासारख्यांनाच अशी चूक सुचते. आठव्या दिवशी तो रस्त्यावरच्या माणसांना बोलावून घागरी देऊन टाकत होता. पुण्यातल्या प्रत्येक देवळाला कळस करून देणार होता. आडवा आला त्याच्यावर हातोडी उगारली. तेव्हा सून म्हणाली, आई, हे देवीचं नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी नाव सांगितलं — बायपोलर. मन फार वर जातं आणि फार खाली जातं. साखर, बीपी असतं तसा आजारच, म्हणाल्या, स्वभाव नाही. गोळ्या घ्यायच्या, बरं वाटलं तरी सोडायच्या नाहीत, झोप मोडू द्यायची नाही. घरात आधी कुणाला होतं का, विचारलं. मी ह्यांचं सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "त्यांनाही बहुतेक हेच असणार, आजी." मला तो न दिलेला चहा आठवला.

आता ऐका.

त्यानंतर वर्षभरानं, दुपारी तीनचा सुमार. सुनील वर झोपलेला, मी तांदूळ निवडत होते. खालून ठोके यायला लागले. चार... आणि एक पोकळ. भराभरा, दम न घेता. मी खाली गेले. शटरला बाहेरून कुलूप, किल्ली माझ्या कमरेला. आवाज आतून. कुलूप काढेपर्यंत बंद. आत कुणी नाही. शेजारच्या दुकानाचा असेल, म्हणलं, आणि तांदूळ निवडायला परत आले. तिसऱ्या दिवशी सुनील पहाटेपासून बडबडायला लागला, डोळे चमकायला लागले.

पुढच्या खेपेला ठोके आले ते सावकाश. दोन ठोक्यांच्या मधे माणूस म्हातारा होईल असे. आठवड्यात सुनील अंथरुणाला लागला.

असं पाच वेळा झालं. मी डॉक्टरीणबाईंना सांगून टाकलं. म्हणलं वेडी म्हणतील, तर तिथेच बसले आहे, लांब जायला नको. त्या हसल्या नाहीत. आधी कान तपासून घ्या, म्हणाल्या. घेतले. कान चांगले निघाले, डोळ्यांचा चष्मा मात्र बदलला. मग म्हणाल्या, कशाचा आवाज ते राहू द्या, पण ज्या दिवशी येईल त्या दिवशी मला फोन करा. तेव्हापासून आवाज आला की फोन. गोळ्यांचं बघायच्या त्या. दोनदा तर वेळेवर सावरलं.

आता मागच्या वर्षीचं. सुनीलचं मन खाली गेलेलं होतं, दीड महिना. तरी आठ दिवस जरा बरा वाटत होता, जेवत होता. म्हणून मी एका रात्रीसाठी विश्रांतवाडीला लेकीकडे, मंगलकडे, गेले. तिची सोसायटी, चौथा मजला. सकाळी मेथी निवडत बसले होते. सून ऑफिसला गेलेली, सानिका कॉलेजला. म्हणजे घरी सुनील एकटा. हे मला माहीत होतं आणि तरी मी गेले, तेही लिही म्हणलं सानिकाला.

आणि मंगलच्या स्वयंपाकघरात ठोका आला.

सोसायटीत कोण कशाला मठारतंय? मी मंगलला विचारलं, कुठे काही ठोकतायत का. ती म्हणाली, नाही गं. सावकाश... एक. दोन. तीन. चार. मी पोकळ ठोक्याची वाट बघितली.

तो आला नाही.

इतक्या वर्षांत तो चुकलेला मी ऐकला नव्हता. मी मेथी खाली ठेवली. भिंतीवरच्या घड्याळात अकराला दोन-तीन मिनिटं कमी. मंगलला म्हणलं, रिक्षा बोलाव. ती म्हणाली, "आई, आत्ता? मेथीचं काय?" मी चप्पल घालून जिना उतरायला लागले. ती मागून आली, रिक्षात सुनीलला फोन लावत राहिली. उचलला नाही.

दुकानाचं शटर आतून लावलेलं. हाका मारल्या. मग काय सुचलं कुणास ठाऊक, मी अंगठीच्या हातानं शटर वाजवलं. चार. आणि एक हलका.

आतून कडी निघाली.

सुनील उभा होता. तोंडावर राख फासल्यासारखं. आत काय होतं, त्यानं काय ठरवलं होतं, ते मी विचारलं नाही आणि इथे सांगणार नाही. तो खुंट्याजवळ खाली बसला. म्हणाला, "आई, नाना काम करत होते."

मी त्याच्या शेजारी बसले.

"चार झाले की तो पोकळ यायचा, परत चार. थांबतच नव्हते. म्हणलं, त्यांचं होऊ दे, मग..."

"कधीपासून?"

"अकरा वाजत होते. तू शटर वाजवलंस आणि थांबले."

म्हणजे माझ्याकडे ठोका बंद झाला तेव्हा त्याच्याकडे सुरू झाला.

मी उठताना खुंट्याला धरलं. दीड महिना त्यावर कुणी काम केलं नव्हतं, धूळ तशीच होती, एक बोट उमटलेलं नव्हतं. आणि खुंटा गरम होता. सकाळभर काम झाल्यावर असतो तेवढा. मंगललाही हात लावायला सांगितला. ती अजून म्हणते, शटरच्या पत्र्यावरचं ऊन असेल. दुकानात ऊन येत नाही.

सुनीलला त्याच दिवशी दवाखान्यात नेलं. वीस दिवस होता. आता गोळ्या घेतो, रक्त तपासतो, जमेल तसं काम करतो. वर-खाली होतं अजून, पण आम्ही लवकर ओळखतो. ठोका मात्र त्या दिवसापासून आला नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, आजी, तुम्ही सुनीलला इतकं जवळून बघता की मनाला आधी कळतं, कान नंतर ऐकतात. पटतं मला. पण खुंट्याला कान नाहीत, आणि तो गरम होता.

त्या दिवशी दवाखान्यात निघायच्या आधी मी वर जाऊन चहाचं आधण ठेवलं. ठोका थांबला होता ना. चार कप आणले. मंगलनं मोजले. चौथा मी खुंट्यापाशी ठेवला.

संध्याकाळी परत आले तेव्हा त्यावर साय धरली होती. माझ्या हातानं ओतून टाकला, कप धुतला.

काम असो नसो, आता आमच्याकडे चहा होतो.